पक्की खबर

माझं माहेर वऱ्हाडातलं, बुलढाण्याकडचं. वर्तमानपत्रात येते ती बातमी, आणि पाण्यावर जाताना बायका सांगतात त्या गप्पा, एवढी साधी वाटणी मला ठाऊक होती. लग्न होऊन जालन्याला आले आणि 'खबर' या शब्दाशी गाठ पडली. इथे सगळ्याचीच खबर. यजमानांचं साप्ताहिक होतं, त्यात छापायची ती खबर. बाजारात कापसाचा भाव चढला, ती खबर. शेजारणीला दिवस गेले, तीही खबर. एखाद्याला काही माहीत नसलं की तो म्हणे, "मला खबर न्हाई." आजाऱ्याला भेटायला जाणं म्हणजे खबर घ्यायला जाणं, आणि पोरानं शाळा चुकवली तर बाप संध्याकाळी त्याची खबर घेई, ती छडीनं. पहिलं वर्षभर मी नुसती माणसांच्या तोंडाकडे बघत असे. कुठल्या खबरेवर हसायचं आणि कुठल्या खबरेवर पदर तोंडाला लावायचा, हे चेहऱ्यावरूनच कळायचं.

सासूबाईंच्या तोंडी मात्र या शब्दाचा एकच अर्थ होता. मागेपुढे काही न लावता त्या "खबर आली" म्हणाल्या, की कुणीतरी गेलेलं असे. मग चूल विझायची, डोक्यावरून पाणी घ्यायचं, आणि गेलेला कोण, किती जवळचा, हे सगळं त्यानंतर.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्याला चारेक वर्षं झाली होती. त्याआधी रझाकारांच्या दिवसांत 'खबर देणारा' म्हणजे शेजाऱ्याचं नाव नेऊन सांगणारा, आणि त्याची दहशत अजून लोकांच्या अंगातून गेली नव्हती. यजमान सायकलवरून एखाद्या खेड्यात जायचे, पारावर बसायचे आणि मोठ्या उत्साहानं विचारायचे, "काय खबर?" की पारावरचा एकेक माणूस उठायचा. एकदा एका म्हाताऱ्यानं हात जोडून सांगितलं, "आमाला काय बी खबर न्हाई, साहेब." त्याच्या पाठीशी शाळेची भिंत पडलेली होती आणि पोरं उन्हात बसून बाराखडी म्हणत होती. यजमानांनी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, खबर म्हणू नका, बातमी म्हणा. ते म्हणाले, "बातमी म्हटलं तर त्यांना कळणार न्हाई, अन् खबर म्हटलं तर ते सांगणार न्हाईत."

आमचं घर जालन्यातच, मस्तगड भागात. पुढची खोली म्हणजे कचेरी, बाजूच्या पत्र्याच्या पडवीत छपाईच्या खिळ्यांच्या केसी, म्हणजे कप्प्यांच्या पेट्या, आणि पायानं चालवायचं छापयंत्र, आणि मागच्या दोन खोल्यांत आम्ही. यजमान निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेले. मराठी झकास बोलायचे, पण लिहायला बसले की ऱ्हस्व-दीर्घाची धूळधाण. मी मराठी सातवी पास. त्यामुळे प्रत्येक मजकूर आधी स्वयंपाकघरात माझ्याकडे येई, मी चुलीपुढे बसून तो तपासून देई, मग तो खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे जाई. अंकावर माझं नाव कधी नव्हतं. याचं मला वाईट वाटत नसे असं मी लोकांना सांगत आले. वाटत असे.

यजमानांनी खबरेची प्रतवारी ठरवली होती. तोंडी आली ती कच्ची. लिहून, खाली सही करून आली ती पक्की. आठवडा उलटला की शिळी. कच्ची खबर छापायची नाही, हा त्यांचा नियम, आणि तो त्यांनी हट्टानं धरला होता, कारण एकदा हात पोळला होता. कापसाच्या जिनाची भिंत पडून माणसं गेली, असं कुणीतरी येऊन सांगितलं, यांनी ते छापलं, आणि भिंत पडली होती पण माणूस एकही गेलेला नव्हता. तहसीलदारांपुढे उभं राहावं लागलं, पुढच्या अंकात ठळक खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून कुणी दारात उभा राहून काही सांगू लागला की हे कागद पुढे सरकवत आणि म्हणत, "लिहून द्या, सही करा." निम्मे लोक तिथूनच परत फिरायचे.

लिहून पाठवणाऱ्यांत सगळ्यात विश्वासाचे म्हणजे गुरुजी. जाफराबादच्या पुढे पूर्णेच्या काठी एका खेड्यात एकशिक्षकी शाळा होती, तिथले ते मास्तर. सरकारी नोकर, म्हणून त्यांचं नाव आम्ही छापत नसू. 'आमच्या बातमीदाराकडून' एवढंच. जांभळ्या शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेलं त्यांचं पोस्टकार्ड दर आठवड्याला येई. अक्षर असं की मला एक काना बदलावा लागत नसे. गावात लिहिणारे तेच एकटे, म्हणून अख्ख्या गावाची पत्रंही त्यांच्याच हातची. कुणाच्या लेकीला सांगावा, कुणाच्या मुलाला बोलावणं, कुणी गेल्याची खबर. वर्षभरापूर्वी त्यांनीच एका वाडीतल्या पटकीबद्दल, म्हणजे कॉलऱ्याबद्दल, चार ओळी लिहिल्या होत्या. त्या छापून आल्या आणि तहसिलीतला शिपाई आमच्याकडून दोन अंक घेऊन गेला. तीन दिवसांत त्या वाडीत डॉक्टर पोहोचला, सगळ्यांना लस टोचली, विहिरीत लाल औषध पडलं, आणि पटकी तिथेच थांबली. गुरुजींना त्या चार ओळींचा फार अभिमान होता. छापलेल्या अक्षरानं माणसं वाचतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. मलाही होता अभिमान. शुद्धलेखन माझं होतं.

त्या साली फाल्गुनात मला मुलगा झाला. हे माझं दुसरं बाळंतपण. पहिलं माहेरी झालं होतं, आणि ते बाळ चौथ्या दिवशी गेलं. त्याच दिवसांत माझा चुलता वारला होता, ते मला कुणीतरी खोलीत येऊन सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी माझं दूध आटलं. बाळ त्यामुळेच गेलं की आणखी कशानं, देव जाणे. पण सासूबाईंच्या मनात ते पक्कं बसलं होतं. म्हणून या खेपेला त्यांनी मला माहेरी जाऊच दिलं नाही. "माझ्या डोळ्यांपुढं राहू दे," म्हणाल्या. सोमवारी पहाटे बाळ झालं आणि त्यांनी खोलीच्या दाराला घोंगडी लावली. बारा दिवस आत कुणी यायचं नाही, आणि बाहेरचा शब्दही आत यायचा नाही.

शब्द मात्र यायचे. मधली भिंत कुडाची होती.

मंगळवारी जाफराबादकडून सरकी घेऊन आलेला एक मारवाडी व्यापारी कचेरीत टेकला. तो यजमानांना सांगत होता, "त्या नदीकाठच्या गावात हगवण-उलटी सुरू हाय, शेठ. आमचा गाडीवान तिथलं पाणी पिला न्हाई, बिलकुल थांबला न्हाई. दोन तिरड्या त्यानं सोताच्या डोळ्यांनं बघितल्या."

ते गुरुजींचं गाव. मी अंथरुणावर उठून बसले.

यजमानांनी कागद पुढे सरकवला. व्यापारी म्हणाला, "म्या कशाला लिहू? माझा धंदा हाय तिकडं." तो गेल्यावर मी भिंतीतून म्हटलं, "'असे समजते' म्हणून दोन ओळी द्या ना."

"कच्ची खबर हाय ती," ते म्हणाले. "तिथं पटकी असती तर गुरुजींचं कार्ड आलं न्हाई का? अन् हे बघ, त्याच गावच्या पाटलानं जत्रेची जाहीर विनंती पाठवली हाय. सही हाय, शिक्का हाय. ज्या गावात माणसं मरून राह्यलीत, तिथला पाटील जत्रेला बोलावंल का लोकांना?"

गावात रोगराई आली की पाटलानं तहसिलीत खबर द्यायची, हा कायदा होता. आणि खबर गेली की सरकार जत्रा बंद करणार, हे पाटलाला ठाऊक होतं. हे आम्हांला तेव्हा सुचायला हवं होतं. मला सुचलं नाही, हेही खरं. यजमानांचं बोलणं मला त्या क्षणी पटलं. ते म्हणाले, "पहिल्या पानावर चार बोटं जागा ठेवतो. उद्या संध्याकाळपर्यंत गुरुजींचं कार्ड आलं तर पटकी, न्हाई तर जत्रा." आमचा अंक गुरुवारी निघे.

पुढे जे झालं ते मला बारशानंतर कळलं. पण घडलं त्याच क्रमानं सांगते.

बुधवारी दुपारी यजमान नवीन जालन्याला स्टेशनावर छपाईचा कागद सोडवायला गेले होते. जुळारी जेवायला घरी गेलेला. पोस्टमन आला. त्यानं हाक मारली, पण नेहमीसारखं टपाल हातात दिलं नाही. तीन-चार पत्रं ओट्यावर ठेवली, आणि एक कार्ड वेगळं, उंबऱ्याच्या खालच्या दगडावर. सासूबाई पुढे आल्या. त्या कार्डाचा कोपरा फाडलेला होता.

आता कुणाला सांगावं लागेल, पण तेव्हा सगळ्यांना ठाऊक असे. माणूस गेल्याचं कार्ड टाकताना त्याचा कोपरा फाडायचा. ते कार्ड घरात न्यायचं नाही, दाराबाहेर वाचायचं, फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. ज्याला वाचता येत नाही त्यालाही कोपऱ्यावरून कळे. सासूबाईंना वाचता येत नव्हतं.

त्यांनी हिशेब केला. त्यांची सगळी माणसं जालन्यात, फार तर अंबडला. त्यांच्याकडचं काही असतं तर माणूस सांगत आला असता. कार्ड येतं ते लांबून. आणि या घराला लांबचं एकच होतं, माझं माहेर. बातमीदारांची कार्डं रोज येत, पण कोपरा फाडलेलं त्यांतलं एकही कधी आलं नव्हतं. म्हणजे माझा बाप, नाही तर आई, नाही तर भाऊ. आत मी तीन दिवसांची बाळंतीण.

जुळारी येईपर्यंत थांबून ते वाचून घेता आलं असतं. पण तो वाचणार म्हणजे मोठ्यानं वाचणार, आणि कुडाची भिंत. मुलाला सांगावं तर त्याच्या पोटात तीळ भिजत नाही. तो पेपरवाला. गेलेलं माणूस तर गेलंच आहे, नाव बारा दिवसांनी कळलं म्हणून काय बिघडणार, असा त्यांनी विचार केला. मग त्यांनी कार्डाचे बारीक बारीक तुकडे केले, गटारात सोडले, आणि भर दुपारी आडावर जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं. ते पाण्याचे आवाज मी ऐकले होते. यावेळी कसली अंघोळ, असं माझ्या मनात आलं आणि मी झोपले.

संध्याकाळी यजमान आले. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "माय, गुरुजींचं कार्ड आलं का?"

सासूबाई म्हणाल्या, "न्हाई." त्या खोटं बोलत नव्हत्या.

यजमान दिवे लागेपर्यंत थांबले. मग जुळाऱ्याला म्हणाले, "लाव जत्रा." त्या चार बोटांच्या जागेत पाटलाची विनंती बसली. सर्व भाविकांनी सहकुटुंब येऊन दर्शनाचा लाभ घ्यावा, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था केली आहे. ती मी बाळंतपणाआधीच तपासून ठेवली होती. 'सहकुटुंब' शब्द पाटलाच्या कागदावर चुकलेला होता, तो मी नीट केला होता.

त्यानंतरच्या दिवसांत सासूबाई माझ्याशी जशा वागल्या, ते मला समजेना. एरवी त्यांची जीभ तिखट. पण त्या मला स्वतःच्या हातानं भरवू लागल्या. डिंकाच्या लाडवात तूप जास्त घालू लागल्या. माझ्या केसांवरून हात फिरवताना मध्येच थांबायच्या आणि बाहेर निघून जायच्या. एकदा म्हणाल्या, "तुझी माय चांगली बाई हाय गं." मला वाटलं, नातू झाला म्हणून एवढं प्रेम उतू चाललंय. मी त्याबद्दल त्यांना थोडं चिडवलंही. त्या हसल्या नाहीत.

पलीकडच्या खोलीत रोज एकच प्रश्न. गुरुजींचं कार्ड आलं का? नाही. यजमान म्हणायचे, "बघ, काही न्हाई तिकडं. असतं तर त्यांनी कळवलं असतं." दुसरा गुरुवार आला, गेला. त्याही अंकात काही नव्हतं.

बारावा दिवस पार पडला, बाळाचं नाव ठेवलं. बायका पांगल्यावर सासूबाईंनी मला माजघरात बसवलं, बाळाला स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "पोरी, मन घट्ट कर. तुझ्या माहेराहून खबर आल्ती."

"कुणाची?"

"ते मला ठाव न्हाई. म्या फाडून टाकली."

पुढचे दोन तास मी कुणाकुणासाठी रडले ते सांगता येत नाही. बापासाठी रडताना वाटे, आई असेल. आईसाठी रडायला लागले की धाकट्या भावाचा चेहरा समोर येई. कुणासाठी रडायचं तेच माहीत नाही, असं रडणं मी पुन्हा कधी रडले नाही. सासूबाईंचा मला इतका राग आला होता की त्यांनी पुढे केलेलं पाणी मी भांड्यासकट ढकललं. यजमान धावत तारेच्या कचेरीत गेले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तराची तार आली. सगळे खुशाल आहेत, बारशाला येता आलं नाही, क्षमा असावी.

आम्हांला काय करावं ते कळेना, इतका आनंद झाला. मी सासूबाईंच्या गळ्यात पडले. यजमानांनी बाजारातून जिलबी आणली, जुळाऱ्याला दिली, शेजारी वाटली. "कुणाचं तरी चुकून आपल्याकडं आलं असंल," शेजारीण म्हणाली. मीही तेच म्हटलं. दुसऱ्या कुणाचं तरी. हे वाक्य मी जिलबी खाता खाता बोलले, आणि ते मला आजही आठवतं.

यजमानांच्या हातातली जिलबी मात्र तशीच राहिली. त्यांनी हळूच विचारलं, "माय, त्या कार्डावर शाई कोणती होती?"

सासूबाईंनी आठवून सांगितलं, "जांभळी."

यजमान उठून पडवीत केसीपुढे जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. एकमेकांना सांगायची गरज नव्हती. गुरुजी आम्हांला कार्डाचा कोपरा फाडून का पाठवतील, एवढं एक कोडं होतं. त्याच दिवशी जाफराबादहून आलेल्या मोटारीतल्या माणसांनी सांगितलं की पटकी आता जाफराबादेत शिरली आहे, आणि तिथे शिरल्यावर मात्र सरकारी डॉक्टर, सुया, औषधं सगळं आलं आहे. "त्या नदीकाठच्या गावात तर फार गेले," ते म्हणाले. सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना आम्ही काही सांगितलं नाही, पण त्यांनी जिलबीचं ताट झाकून ठेवलं.

चार दिवसांनी गुरुजी आले.

मी त्यांना त्याआधी दोनदाच पाहिलं होतं. स्वच्छ धोतर, काळी टोपी, खिशाला जांभळी पेन्सिल. तसेच होते, फक्त दाढी वाढलेली. मी बाळाला घेऊन मधल्या दाराआड बसले होते, सासूबाई माझ्याजवळ तांदूळ निवडत होत्या. गुरुजींनी पिशवीतून आमचा जुना अंक काढला, घडी उलगडून टेबलावर ठेवला, आणि विचारलं, "माझं कार्ड मिळालं न्हाई का?"

यजमान म्हणाले, "न्हाई, गुरुजी."

"सोमवारी जाफराबादला पायी जाऊन टाकलं होतं. बुधवारी मिळायला पाहिजे होतं."

"टपालात कुठं राह्यलं असंल."

गुरुजींनी मान हलवली. "मंग म्या स्वतः यायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "शनिवारी अंक आला. त्यात जत्रेची खबर होती. मला वाटलं, माझी पुढच्या अंकात येईल. रविवारी जत्रा भरली. लांबलांबून लोक आले, सगळे त्याच विहिरीचं पाणी पिले. पाटलाला म्या सांगून बघितलं. तो म्हणला, पेपरात आलंय, आता कशी बंद करू? मंगळवारी माझी पोरगी गेली. सात वर्षांची होती."

हे सगळं ते शाळेची हजेरी सांगावी तशा आवाजात बोलले. यजमान खाली बघत होते. मला माझ्या मांडीवरच्या बाळाचं वजन एकदम जाणवलं आणि त्याला पोटाशी धरायचीही लाज वाटली.

गुरुजी पुढे म्हणाले, "तुमचा काही दोष न्हाई. तुमच्यापर्यंत खबर आलीच न्हाई, तर तुम्ही काय करणार?"

तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. मी हात धरायच्या आत सासूबाई उठल्या आणि कचेरीत गेल्या. परक्या पुरुषांपुढे त्या कधी गेल्या नव्हत्या. पदर डोक्यावरून ओढून त्या गुरुजींपुढे उभ्या राहिल्या.

"कार्ड आल्तं," त्या म्हणाल्या. "म्या फाडलं. सून बाळंतीण होती. कोपरा फाटलेला बघितला अन् मला वाटलं, तिच्या माहेरचं हाय. मला वाचता येत न्हाई."

 गुरुजींची नजर स्वतःच्या हाताकडे गेली. अंगठा आणि बोट त्यांनी एकमेकांवर घासलं.

"त्या दिवशी सात कार्डं लिहिली," ते म्हणाले. "लोक रांगेनं बसले होते. कुणाच्या भावाला, कुणाच्या लेकीला. एकेक लिहायचं, कोपरा फाडायचा, ठेवायचं. आठवं तुमचं होतं." त्यांनी टेबलावरच्या अंकाची घडी घातली. "म्याच फाडला असंल, माय. हातासरशी."

 यजमानांनी चहा सांगितला, तो त्यांनी घेतला. जाण्याआधी पिशवीतून एक कागद काढून टेबलावर ठेवला. गेलेल्यांची यादी, दिवसवार, नाव आणि वय. खाली सही. "आता छापा," म्हणाले, आणि मोटारीची वेळ झाली म्हणून गेले. जाताना सासूबाईंच्या पाया पडले. का पडले, ते मला तेव्हा समजलं नाही आणि आजही नीट सांगता येणार नाही.

ते वळणावरून दिसेनासे झाल्यावर यजमान आईवर ओरडले. त्यांना तिच्यावर ओरडताना मी तोवर पाहिलं नव्हतं. "काय गरज होती सांगायची? टपालावर टाकलं होतं ना म्या? आता तो माणूस जन्मभर सोताचा हात बघत बसंल."

मीही त्यांच्या बाजूनं बोलले. "आत्याबाई, त्यांना दोष तुमचा म्हणून सांगितलात, आणि गेला तो त्यांच्याच डोक्यावर."

सासूबाई ओट्यावर बसल्या. "म्या तुझ्यापासून बारशापर्यंत लपवून ठेवलं," त्या मला म्हणाल्या. "भलं व्हावं म्हणून लपवलं. त्याच्यापायी काय झालं ते बघितलं ना? आता त्याच्यापासून बी लपवू?"

यजमान पडवीत निघून गेले.  खरं सांगायचं तर ते टपालाचं नाव त्यांनी गुरुजींवर दया म्हणून घेतलं की मंगळवारचा तो व्यापारी आणि मोकळी ठेवलेली चार बोटं जागा झाकायला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. माझ्या स्वतःच्या मनातही त्या घडीला दोन्ही होतं.

त्या रात्रीच मजकूर लिहिला गेला. पटकीचा कहर, गेलेल्यांची नावं, रोगाची खबर दडपून जत्रा भरवणाऱ्या पाटलाची चौकशी व्हावी अशी मागणी. यजमानांचा राग खरा होता आणि भाषा जोरदार उतरली होती. गुरुजींच्या यादीत एकही चूक नव्हती. शेवटून तिसरं नाव त्यांच्या मुलीचं होतं, ते त्यांनी बाकीच्यांसारखंच लिहिलं होतं, पुढे काही जोडलेलं नव्हतं. यादी पहिल्या पानावर घेतली. अंकाला फार मागणी आली. तहसिलीतून माणूस येऊन घेऊन गेला, आणि पुढे पाटलाचं पाटीलपद गेलं. लोक यजमानांना रस्त्यात थांबवून शाबासकी देत.

सासूबाईंनी मला अंकातलं सगळं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "अन् आपलं?"

आपलं त्यात नव्हतं. उंबऱ्याच्या दगडावर कार्ड आलं होतं, ते फाडलं गेलं, आणि त्याच्या आदल्या दिवशी एक माणूस कचेरीत येऊन सगळं सांगून गेला होता, यातली एक ओळ आम्ही छापली नाही. मजकूर मीच तपासला होता.